फिट सर्टिफिकेटची घाई नको

या वेळी जवळपास सगळी पत्रं एकाच विषयाची आलीत, आजारपण किंवा अपघात, मग मिळणारे पैसे, आणि मग परत कामावर जायचं की नाही. सगळ्यांच्या पोटात एकच गोळा की कामावर गेलो तर मिळतंय ते पण बंद होईल. खरं सांगू, होईल का नाही हे तुमचा पैसा कुठला आहे त्यावर आहे. एक पैसा तुम्ही कामावर जाऊ शकत नाही म्हणून मिळतो, दुसरा शरीराचं कायमचं नुकसान झालं म्हणून, तिसरा घरात उत्पन्न नाही म्हणून. पहिला कामावर गेल्याच्या दिवसापासून थांबतो, दुसरा थांबत नाही, तिसरा उत्पन्न किती यावर. आता एकेकाचं बघू.

प्रश्न : ताई, मी वाळूजला फाउंड्रीत फेटलिंगला (ओतकामाचे भाग घासून साफ करायला) आहे, कंत्राटदाराकडून, चार वर्षं झाली. मे महिन्यात टीबी निघाला. ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) पैसे येतायत पण पगाराच्या ७० टक्केच, आणि लोक म्हणतात ९१ दिवस झाले की तेही बंद. सुपरवायझर म्हणतो अर्धा दिवस ये, हलकं काम देतो, पैसे हातात देतो, ईएसआयचं पण चालू राहू दे कोण बघतंय. जाऊ का?

नका जाऊ. आणि तो सुपरवायझर तुमच्यावर उपकार करत नाहीये हे पण लक्षात घ्या, त्याला माणूस कमी पडतोय एवढंच.

आधी ९१ दिवसांचं. साध्या आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसच, ७० टक्क्यांनी, हे बरोबर आहे. पण टीबी साधा आजार धरत नाहीत. ईएसआयकडे लांब चालणाऱ्या ३४ आजारांची यादी आहे, त्यात टीबी आहे, कॅन्सर आहे, पॅरालिसिस आहे. या आजारांना ९१ दिवस संपल्यावर वाढीव आजारपण लाभ सुरू होतो आणि तो ८० टक्क्यांनी मिळतो, म्हणजे कमी नाही, उलट जास्त. तुमचा रोज ५५० धरला तर आत्ता ३८५ मिळत असतील, पुढे ४४० मिळतील. सगळं मिळून तो दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो, अर्थात डॉक्टर आणि मेडिकल बोर्ड म्हणतील तितकाच.

अट दोन गोष्टींची. आजार निघाला तेव्हा सलग दोन वर्षं विम्याखाली नोकरी झालेली हवी, आणि मागच्या चार वर्गणी काळांत (एक काळ सहा महिन्यांचा) मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. चार वर्षं आहात म्हणजे अडचण यायला नको, पण कंत्राटदार म्हटलं की मला शंका येते. पगारातून ०.७५ टक्के कापतो आणि पुढे भरतच नाही असले नग मी पाहिलेत. ईएसआयच्या पोर्टलवर तुमचा विमा नंबर टाकून वर्गणी महिन्या-महिन्याला दिसते का बघा, नसेल जमत तर नेट कॅफेवाल्याला सांगा, प्रिंट काढून ठेवा. मधे कंत्राटदार बदलला असेल तर विमा नंबर तोच चालू आहे ना हे पण बघा, कारण पुष्कळदा नवा ठेकेदार नवीनच नंबर काढतो आणि मग जुनी वर्षं तिकडे लटकून राहतात. दोन नंबर निघाले तर ब्रांच ऑफिसला अर्ज देऊन एक करून घ्यायचे.

आता अर्ध्या दिवसाचं. ज्या दिवशी तुम्ही काम केलं त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, कायद्यात अर्धा दिवस वगैरे काही नाही, गेलात म्हणजे गेलात. कॅशमध्ये घेतले तरी गेटवर सही होते, कॅमेरा असतो, आणि उद्या त्याच सुपरवायझरशी वाजलं तर तक्रार तोच करणार. मग घेतलेले पैसे परत करा, वर केस. आणि फेटलिंगची धूळ, ती बरी होत आलेल्या फुफ्फुसात परत भरायची का? टीबीचं औषध साधारण सहा महिने असतं, ते पुरं करा. निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, तुमची नोंद झाली असेल तर पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००), ते ईएसआयपेक्षा वेगळे, दोन्ही मिळतात. येत नसतील तर आधार खात्याला जोडलंय का ते पहिलं बघा.

बरं झाल्यावर ईएसआयचा डॉक्टर शेवटचं सर्टिफिकेट देतो, आपण ज्याला फिट म्हणतो ते. ते घेऊन कामावर. फिट घेण्याआधीच डॉक्टरला सांगा की माझं काम धुळीचं आहे, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्या की काही महिने धुळीत काम नको. ही चिठ्ठी कंपनीला द्यायची, झेरॉक्सवर पोच घ्यायची. कंपनी लगेच बदली देईलच असं नाही, पण मागितलंच नाही असं तरी कोणी म्हणणार नाही.

आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढायला कायद्यात बंदी आहे, त्या काळात काढल्याची नोटीस दिली तरी ती चालत नाही. ठेकेदार म्हणेल तू येत नाहीस, नाव कमी केलं. लगेच लेखी कळवा आणि लाभाचे कागद जोडा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. तुम्ही घरी आहात म्हणजे पगार नाही, पगार नाही म्हणजे वर्गणी नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा एक वर्गणी काळ, त्यात ७८ दिवसांची वर्गणी भरली तरच पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचे पैसे मिळतात. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी पुढच्या जुलै ते डिसेंबरला. तुमचे या वेळी एप्रिल आणि थोडासा मे एवढेच भरलेत, म्हणजे कामावर आल्यावर जानेवारी ते जूनमध्ये दुसरं काही आजारपण आलं तर त्याचे पैसे मिळायचे नाहीत. म्हणून कामावर परत आल्यावर पहिले सहा-सात महिने थोडे पैसे बाजूला ठेवता आले तर ठेवा, आणि वर्गणीचे दिवस मोजत राहा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची चाकणला प्रेस मशीनमध्ये डाव्या हाताची दोन बोटं गेली. आता मेडिकल बोर्डाने २० टक्के दिलेत आणि ईएसआयची पेन्शन सुरू होणार आहे. कंपनी स्टोअरला घ्यायला तयार आहे. पण सासरे म्हणतात कामाला गेला की पेन्शन बंद, घरीच बसू दे. काय करू?

सासऱ्यांना सांगा बंद होत नाही. बोटं कामावर गेल्याने परत येत नाहीत ना, मग त्यांची भरपाई का बंद होईल. ही कायमच्या अपंगत्वाची भरपाई आहे, आयुष्यभर मिळते, नोकरी असो नसो, कंपनी बदलली तरी, रिटायर झाले तरी.

हिशोब असा आहे. अपघातानंतर घरी होते तेव्हा ९० टक्क्यांनी मिळत होतं, रोज ६०० असेल तर ५४०. त्याला कामावरचा अपघात म्हणून वर्गणीच्या दिवसांची अट नाही, पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी मिळतं. आता बोर्डाने कमावण्याची ताकद २० टक्के गेली म्हटलं म्हणजे त्या ५४० चे २० टक्के, रोजचे १०८, महिन्याला साधारण ३२४०. आणि तो ९० टक्क्यांचा तात्पुरता लाभ संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी पण मिळते, ती सुरुवातीला एकदम येते. येईल तेव्हा लगेच टू-व्हीलरचं डाउन पेमेंट नको, हे माझं वैयक्तिक मत समजा.

दोन बोटांना कायद्यातल्या यादीप्रमाणे २० टक्केच आहेत म्हणून बोर्डाने कमी दिलं असं मला तरी वाटत नाही. पण बाकीची बोटं वाकत नाहीत, पकड गेली, असं काही असेल आणि बोर्डाने ते बघितलंच नसेल तर अपील करता येतं. अपिलाला मुदत असते, पत्र कपाटात ठेवून बसू नका.

इथे एक घोळ सगळे करतात. ईएसआयचे २० टक्के म्हणजे दिव्यांग दाखल्याचे २० टक्के नव्हेत. दाखला सिव्हिल हॉस्पिटलचा, त्याचा अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) साईटवर, आणि तिथे टक्केवारी वेगळ्या नियमाने ठरते. सवलती बहुतेक ४० टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणून ईएसआयचा कागद घेऊन एसटीच्या पासला गेलात तर परत पाठवतील.

स्टोअरची नोकरी घ्याच. पगार कमी करतायत का ते मात्र ऑफर लेटरवर बघा, आणि "जुना हिशोब पूर्ण मिळाला, आता काही मागणी नाही" असल्या कागदावर सही मागितली तर तो कागद घरी आणा, कोणाला तरी दाखवा, मग सही. हयातीचा दाखला वेळच्या वेळी द्यायला विसरू नका, तो नाही गेला की पेन्शन अडकते आणि लोक समजतात नोकरी लागली म्हणून बंद झाली. सासऱ्यांच्या ऐकण्यात असंच एखादं प्रकरण आलेलं असणार.

प्रश्न : नवरा राज्य सरकारच्या एका महामंडळात ड्रायव्हर, वय ४७. पॅरालिसिस झाला, आता चालतात, पण उजव्या हातात जोर नाही. ऑफिसातून म्हणतात गाडी चालवता येत नाही तर स्वेच्छानिवृत्ती घ्या, अर्ज आम्हीच टाईप करून देतो.

टाईप करून देतायत ना, तिथेच ओळखा. सही करू नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २० पोटकलम ४. सरकारी आस्थापनेत नोकरी करताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच पगाराच्या आणि त्याच सोयींच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं, आणि तसं पदच रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत जादा पद करून त्यावर ठेवायचं. सरकारी महामंडळ यात येतं. ४७ म्हणजे अजून नोकरीची बरीच वर्षं बाकी, एका सहीत ती सगळी जातील आणि नंतर "स्वतःच्या मर्जीने गेले" म्हणून हात वर करतील.

करायचं काय, तर सिव्हिल हॉस्पिटलला दाखवून दिव्यांग दाखला काढा, आणि मिस्टरांच्या सहीने अर्ज द्या की मला कलम २०(४) प्रमाणे पर्यायी काम द्यावं, जमेल ती कामं पण लिहा, म्हणजे चौकशी खिडकी, कंट्रोल रूम, स्टोअर, टायपिंग डाव्या हाताने जमत असेल तर ते. आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, "ठेवून जा, साहेब बघतील" याला काही अर्थ नसतो. कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत यासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्यांना एक प्रत. उत्तर नाही आलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. खाजगी कंपनीत हेच कलम असंच्या असं लागत नाही, म्हणून शेजारच्यांच्या अनुभवावर जाऊ नका.

प्रश्न : बहिणीला संजय गांधी निराधारचे पैसे मिळतात, पाय अधू आहेत. आता तालुक्याला डेटा एंट्रीचं काम लागतंय, महिन्याला ८०००. न सांगता दोन्ही घेतलं तर?

पकडलं जाईल आणि वसुली निघेल. दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० झालीये, पण कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे, आणि तिचं एकटीचंच ९६,००० होतंय. पगार बँकेत, अनुदान पण बँकेत, दोन्ही आधारला जोडलेलं.

पण २५०० साठी ८००० सोडायचे हा कुठला हिशोब, आणि मला तर पैशापेक्षा ती रोज घराबाहेर पडेल याचं जास्त वाटतं. तहसीलला लेखी कळवून अनुदान थांबवा. काम सुटलं आणि उत्पन्न परत मर्यादेत आलं तर नव्याने अर्ज करता येतो, म्हणून मंजुरीचा जुना आदेश जपून ठेवा. दिव्यांग दाखला आणि यूडीआयडी कार्ड नोकरीने जात नाही, एसटीतली ७५ टक्के सवलत तशीच राहते, कामाला जायला रोज उपयोगी पडेल.

प्रश्न : ईएसआयचे पैसे चालू आहेत, गणपतीला कोकणात गावी गेलो तर चालेल का?

ज्या डॉक्टरकडे उपचार चालू आहेत त्यांना विचारून, लेखी परवानगी घेऊन जा. न सांगता गेलात आणि नेमकं त्याच आठवड्यात तपासणीला बोलावलं तर लाभ अडकेल. औषधं पुरतील एवढी बरोबर घ्या, पुढच्या सर्टिफिकेटची तारीख कधी आहे ते बघूनच परतीचं तिकीट काढा, आणि गणपतीतलं कोकणचं तिकीट म्हणजे ते आत्ताच बघायला लागा.