तेलकट त्वचेसाठी मातीचा फेसवॉश घ्यायचा आहे. मुलतानी, केओलिन की बेंटोनाइट?

तुमचं कपाळ आणि नाक दुपारपर्यंत तेलानं चमकायला लागतं आणि गाल मात्र धुतल्यावर ओढल्यासारखे होतात, असं तुम्ही लिहिलंय. माझा चेहरा अगदी असाच आहे, म्हणून सविस्तर सांगते. रोजच्या धुण्यासाठी या तिघांतला केओलिनवाला घ्या. पण घेण्याआधी ट्यूब उलटी करून मागची यादी वाचा.

यादीत जास्त प्रमाणातला घटक आधी येतो. फेनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्याहून जास्त घालत नाहीत. तेव्हा मातीचं नाव त्याच्याही खाली असेल, तर माती फार तर १ टक्का आहे. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. आणि माती भरपूर असली तरी फेसवॉश चेहऱ्यावर राहतो जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात तेल काढतात ते त्यातले फेस करणारे घटक. मातीला तेल शोषायला वेळ द्यावा लागतो. म्हणून मी मातीपेक्षा फेस कशाचा आहे हे आधी बघते. आपल्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप, ५ च्या आसपास असतो, साबणाचा ९ ते १०, म्हणून साबण त्वचेला कडक पडतो. कोकामिडोप्रोपिल बीटेनसारखं फेस करणारं सौम्य काही यादीत वर दिसलं की मला बरं वाटतं.

आता माती. ज्या चिनी मातीच्या कपबश्या होतात, तिच्यातला मुख्य घटक म्हणजे केओलिन. हिचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, मध्ये पाणी शिरत नाही, त्यामुळे ती फुगत नाही आणि शोषतेही बेतानं. बेंटोनाइटच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते. घरी करून बघा: दोन पेल्यांत पाणी घेऊन एकेक चमचा टाका. केओलिन हळूहळू तळाशी बसेल, बेंटोनाइट फुगून दाटसर होईल. तिघींत जोरकस हीच, आणि तुमच्या गालांना सोसणार नाही तीही हीच. मुलतानी माती तिच्याच कुळातली. नाव मुलतान शहरावरून पडलं, पण आपल्याकडे ती राजस्थानात बाडमेर, बिकानेरकडे निघते. दिवाळीच्या उटण्यातही बऱ्याचदा असते.

कॉलेजात असताना मी ही मुलतानी लिंबाच्या रसात कालवून रोज लावायची, पार भेगा पडेपर्यंत वाळू द्यायची. ताणलं म्हणजे स्वच्छ झालं, अशी समजूत. महिन्याभरात गाल सोलवटले, साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचे. त्वचेच्या डॉक्टरांनी लिंबू आणि माती दोन्ही बंद करायला लावलं. कारण सोपं आहे: लिंबाचा रस त्वचेला फार आम्ल पडतो, आणि वाळणारी माती तेल संपलं तरी शोषतच राहते, मग त्वचेतलं पाणी ओढते.

आता दर रविवारी मुलतानी नुसत्या पाण्यात कालवते. फक्त कपाळ, नाक, हनुवटी. सात-आठ मिनिटांनी, ओलसर असतानाच धुते आणि लगेच मॉइश्चरायझर. गालांना काहीच नाही. माती पॅकबंद, चेहऱ्यासाठी म्हणूनच विकलेली घ्या. सुटी, धुळकट ढेकळं नकोत. फुटलेल्या पुळीवर तर कुठलीच लावू नका, शेवटी ती जमिनीतून निघालेली माती आहे.

या सगळ्यानं तेल यायचं थांबणार नाही. चेहऱ्यावर किती तेल यायचं ते मुख्यतः हार्मोन्स ठरवतात, आणि माती त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींपर्यंत पोचत नाही. वर आलेलं तेवढं टिपते. त्यामुळे दुपारी पुन्हा चमक आली तर वारंवार फेसवॉश लावू नका, टिपकागद किंवा स्वच्छ रुमाल दाबून घ्या. मोठ्या, दुखणाऱ्या पुळ्या असतील तर मातीवर महिने घालवू नका, थेट त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. अशा पुळ्यांचे डाग मागे राहू शकतात.