भारताचं एकच वर्ष राजकारण, संस्कृती आणि खेळ यांतून फलकावर मांडायचं असेल, तर कोणतं वर्ष घ्यावं?

कोल्हापुरातल्या तुमच्या वाचनालयासाठी बारा फुटी फलक करायचाय, वर्ष कोणतं घ्यावं आणि चुका कशा टाळाव्यात, असं तुम्ही विचारलंय. मी 1952 घेईन. त्या वर्षाचं राजकारण आणि खेळ कोल्हापुरात एकाच माणसापाशी येऊन मिळतात. तो माणूस म्हणजे बॅ. बाळासाहेब खर्डेकर. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कोल्हापूर-सातारा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला निघालेल्या पैलवान खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. फलकाच्या मधोमध हे ठेवा.

म्हणूनच राजकारण, संस्कृती, खेळ असे तीन उभे रकाने करू नका. रकाने केले की खर्डेकर एकात आणि खाशाबा दुसऱ्यात जातात. बारा महिन्यांची आडवी पट्टी करा आणि विषय तीन रंगांनी वेगळे दाखवा. फेब्रुवारी आणि जुलैला दोन-दोन फूट द्या, म्हणजे उरलेल्या दहा महिन्यांना प्रत्येकी साधारण साडेनऊ इंच मिळतील. एका महिन्यात चाळीस शब्दांच्या वर जाऊ नका. मजकूर युनिकोडमध्ये पाठवलात तरी फ्लेक्सवाला तो बहुधा आपल्याकडच्या जुन्या फॉन्टात बदलून घेतो. त्यात रफार सरकतो, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ मोडतात. छापण्याआधी पीडीएफ मागवा आणि मजकूर न लिहिलेल्या माणसाकडून तपासून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ निवडणुकीच्या तारखांत होतो. मतदान 25 ऑक्टोबर 1951 ला सुरू झालं आणि 21 फेब्रुवारी 1952 ला संपलं. त्यामुळे ‘1952 ची निवडणूक’ हे बोलायला ठीक असलं, तरी पट्टीवर जानेवारीच्या डावीकडे एक बाण लागेल. मतदार सुमारे 17 कोटी 32 लाख, लोकसभेच्या जागा 489, त्यांतल्या 364 काँग्रेसच्या. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि कोरी चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. कोल्हापूर-सातारा मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे होते, म्हणून इथल्या मतदाराला दोन मतं होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. एवढं लिहिलंत तर बघणारा थांबून वाचेल. आणखी एक आकडा गाळू नका. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद असल्यामुळे सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदारयादीतून काढली गेली. स्वतःचं नाव सांगितलं नाही म्हणून मत गेलं. ही गोष्ट माझ्या मते जागांच्या बेरजेपेक्षा मोठी आहे.

उत्तर मुंबईतून डॉ. आंबेडकर हरले आणि एप्रिलमध्ये राज्यसभेवर गेले. 13 मे रोजी दोन्ही सभागृहांची पहिली बैठक झाली. गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती झाले. मे महिन्यासाठी एवढं पुरे.

फेब्रुवारी खेळाचा आहे. 10 फेब्रुवारीला मद्रासमध्ये भारतानं इंग्लंडला एक डाव आणि 8 धावांनी हरवलं. हा आपला पहिला कसोटी विजय. विनू मांकड यांनी पहिल्या डावात 55 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 53 धावांत 4 बळी घेतले. पंकज रॉय (111) आणि पॉली उम्रीगर (नाबाद 130) यांची शतकं झाली. कर्णधार विजय हजारे आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले, तेही लिहा. सामना सुरू झाला त्याच दिवशी, 6 तारखेला, इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज वारला आणि विश्रांतीचा दिवस अलीकडे घ्यावा लागला. राजकारण आणि खेळ एका चौकटीत यावेत ते असे. त्याच महिन्यात मुंबईत टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली आणि जपानच्या हिरोजी सातो यांनी स्पंजच्या बॅटनं ती जिंकली.

आता जुलै. 23 तारखेला खाशाबांना फ्रीस्टाइल कुस्तीच्या 57 किलो गटात कांस्यपदक मिळालं. लगेच 24 ला हॉकीच्या अंतिम सामन्यात भारतानं नेदरलँड्सला 6-1 नं हरवलं, त्यातले पाच गोल बलबीर सिंग यांचे. इथे तीन चुका हटकून होतात. एक, ‘भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’ असं लिहू नका, ‘स्वतंत्र भारताचं’ म्हणा, कारण 1900 साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदकं घेतली होती. दोन, खाशाबा शिकले कोल्हापुरात, पण गाव त्यांचं कराडजवळचं गोळेश्वर. आपल्या प्रेमापोटी ते पुसू नका. तीन, आजची उपांत्य-अंतिम अशी साखळी तेव्हाच्या कुस्तीत नव्हती. दंडगुण साचत जायचे, ठरावीक गुण झाले की पैलवान बाद, आणि शेवटी उरलेल्या तिघांत निकाल लागायचा. खाशाबा त्या तिघांत होते. जपानचे इशी सुवर्ण आणि सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव्ह रौप्य घेऊन गेले. एका मोठ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता खाशाबांना पुन्हा मॅटवर उतरवलं, ही खंत आजही तालमींत बोलली जाते. तीही लिहा. आणि त्याच स्पर्धेत 62 किलो गटात चौथे आलेले केशव माणगावे विसरू नका. पदक थोडक्यात हुकलेल्या माणसाला फलकावर जागा मिळायलाच हवी.

जुन्या वर्तमानपत्रातून तारीख उचलताना सावध राहा. हेलसिंकीची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे रात्र, त्यामुळे 23 ची बातमी 24 ला किंवा 25 लाही छापून आलेली असू शकते. अंकाची तारीख आणि घटनेची तारीख वेगवेगळ्या लिहून ठेवा. शोध करवीर नगर वाचन मंदिरापासून सुरू करा. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयातही विचारा, त्याला नाव बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचंच आहे. निवडणुकीचे आकडे मात्र निवडणूक आयोगाच्या अहवालातूनच घ्या.

संस्कृतीसाठी जानेवारीत मुंबईतला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव घ्या, सुरुवात 24 तारखेला. पण खरा विषय रेडिओचा आहे. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. जुलैत आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि फिल्मी गाण्यांना कात्री लागली. ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले, आणि डिसेंबरात तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. जुलैपासून डिसेंबरपर्यंत एक रेघ ओढलीत की कारण आणि परिणाम आपोआप दिसतात.

डिसेंबरात 15 तारखेला पोट्टी श्रीरामुलू तेलुगू भाषकांच्या वेगळ्या आंध्र राज्यासाठी केलेल्या उपोषणात वारले आणि चार दिवसांनी नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली. इथे उजवीकडे आणखी एक बाण काढा, 1 मे 1960 कडे, म्हणजे मराठी भाषकांच्या महाराष्ट्र राज्याकडे जाणारा.