आंब्यावरची रासायनिक फवारणी बंद केली तर आयकरात सूट मिळते का?

तुम्ही विचारलंय की नोकरी मुंबईत, रत्नागिरीजवळ वडिलांच्या हातची आंब्याची साठ कलमं. औषधं बंद करून सापळे आणि मुंग्यांवर बाग सांभाळली तर आयकरात काही सूट आहे का?

नाही. स्वतःच्या बागेतला आंबा विकून आलेले पैसे म्हणजे शेतीचं उत्पन्न, आणि १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १०(१) नुसार ते आधीपासूनच करमुक्त. जिथे करच नाही तिथे सूट कशात देणार? विषारी औषध मारा नाहीतर मोहोराखाली धुरी करा, आयकर खात्याला दोन्ही सारखंच. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, माफी तीच राहिली.)

पण तुम्ही पगारदार, आणि मेख तिथेच आहे. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरतात. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीच्या टप्प्यांनी बघा. वजावटीनंतर पगार १४ लाख, तर उपकर सोडून कर ९० हजार. त्यात आंब्याचे २ लाख आले की कर १ लाख १० हजार. म्हणजे करमुक्त आंब्याने २० हजार वाढवले! आता बागेवर २० हजार खर्च केलेत आणि त्याची पावती असली, तर निव्वळ उत्पन्न तेवढं उतरतं आणि कर २ हजारांनी कमी होतो. सूट म्हणायची तर एवढीच, आणि तीही रासायनिक औषधाच्या पावतीवर तितकीच मिळते.

खरा फरक जीएसटीत आहे. रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. निंबोळीवर आधारित औषधं, बिव्हेरिया, ट्रायकोडर्मा अशा बारा ठरावीक जैविक औषधांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्याआधी १२ होते. आपण शेतकरी, जीएसटीत नोंदणी नाही, त्यामुळे भरलेला कर परत मिळत नाही. ही १३ टक्क्यांची तफावत थेट खिशाला लागते. गेल्या हंगामात माझ्या निंबोळीच्या बाटलीवर दुकानदाराने १८ लावले. बोट ठेवून दाखवलं तेव्हा बिल बदललं. गंमत म्हणजे नारळाच्या गेंड्या भुंग्यासाठी शेणखतात मिसळायची मेटारायझियम बुरशी त्या बारांत नाही. यादी केली त्यांच्या दारात माड नसावा.

'जैविक कीटकनाशकाला शंभर टक्के करमाफी' असा निरोप फिरतो तो कलम ८०जेजेए चा. कुजणारा कचरा गोळा करून त्यापासून जैविक खत-औषध बनवायचा धंदा करणाऱ्याला पाच वर्षं नफ्यावर वजावट, तीही जुन्या प्रणालीत. स्वतःच्या बागेसाठी पिंपात दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, भिजवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि माझी खरी तक्रार पुढेच आहे. सवलत दुकानातल्या बाटलीवर मिळते, पण बाग वाचते ती बिनबिलाच्या कामांनी. फळमाशीला कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा मी लावतोच, पण त्यात फक्त नर येतात. गळलेली फळं रोज वेचून खोल पुरली नाहीत तर अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि माश्या पुन्हा हजर. वेचायला माणूस लागतो. खोड पोखरणारी भिरुडाची अळी तारेने उकरून काढायलाही माणूसच. ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, तर फुकट कामाला असतात: जिवंत पानं आपल्याच अळीच्या रेशमाने शिवून घर करतात, काजूवरच्या ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीला टिकू देत नाहीत. फक्त पिठ्या ढेकूण दिसला तर लक्ष ठेवा, त्याच्या गोड रसासाठी ओंबील त्याला पोसतात.

पण ओंबील असलेल्या कलमावर तोडणीला गडी चढत नाही. माझा गडी हातापायांना राख चोळून चढतो आणि त्या झाडांचे दिवसाला शंभर रुपये जास्त घेतो. चावून लाल झालेले हात बघितले की घासाघीस करवत नाही. ते शंभर मी वहीत तारीख, काम आणि झाडाच्या नंबरासकट लिहितो आणि खाली त्याची सही घेतो. तुम्हीही तेवढं करा, बिल नसलेल्या मजुरीची तीच पावती. पगाराचं विवरणपत्र भरताना ती वही मुंबईत सोबत असू द्या.