तंजावरला पहिल्यांदा जाताय? मुक्काम कुंभकोणमला करा

तीन चोळ मंदिरं पाहायची असतील तर कुंभकोणम मध्यावर पडतं. दारासुरम इथून जेमतेम चार किलोमीटर, गंगैकोंडचोळपुरम साधारण पस्तीस, तंजावर चाळीसच्या आसपास. दोन दिवस धराच.

बहुतेकांची चूक एकच: अकराला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात पोचायचं. दुपारी गाभारा बंद होतो आणि अंगणातला दगड इतका तापतो की अनवाणी दहा पावलं टाकवत नाहीत. जाड मोजे पिशवीत ठेवा. पहाटे उघडताच जा किंवा चारनंतर. उतरत्या उन्हात १०१० साली पूर्ण झालेलं त्याचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं उंच शिखर, सोनेरी दिसतं. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं कोणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढे चला, सावली पडते.

मराठी माणसानं चुकवू नये असं एक: नैऋत्येकडच्या ओवरीच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलाय, १८०३ सालचा, तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या काळातला. अक्षरं बारीक आहेत, वेळ काढा. मग राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय.

दारासुरम लहान, पण कोरीवकाम सगळ्यात नाजूक. खांब जवळून बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, पावसाचं पाणी त्याच्या सखल अंगणात साचतं. गंगैकोंडचोळपुरमला उत्तरेच्या पायऱ्यांजवळची चंडेश या आपल्या भक्ताला माळ बांधणारी शिवमूर्ती आधी गाठा.

कॉफी मात्र कुंभकोणमलाच, पितळी पेला-वाटीत.