हायड्रोजन खरंच स्वच्छ आहे का, आणि पोरीनं त्यात जावं का?

दादा नमस्कार, पत्र मिळालं. बेळगावच्या उद्यमबागेत तुमचं लेथवर व्हॉल्व्ह बॉडीचं काम, पोरगी सेकंड पीयूसी म्हणजे बारावी सायन्सला, तिला हायड्रोजनमध्येच जायचंय आणि एका कॉलेजवाल्यानं फोन करून हायड्रोजनचीच स्पेशल डिग्री आहे, सीट लगेच बुक करा म्हणून मागं लागलाय. तुम्ही विचारताय हे इंधन खरंच स्वच्छ आहे की नुसती हवा.

वापरताना स्वच्छ आहे, फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रात, घातला की पाणीच बाहेर पडतं. पण तो बनवावा लागतो हो, आणि आज जगात बहुतेक हायड्रोजन नॅचरल गॅस नाहीतर कोळशापासून बनतो. गॅसपासून 1 किलो काढताना साधारण 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो. ग्रीन म्हणतात तो पाण्यात वीज सोडून काढतात, किलोला 50-55 युनिट लागतात, मग ती वीज सौंदत्तीकडच्या पवनचक्कीची असली तर ठीक, कोळशाची असली तर गॅसवाल्यापेक्षाही वाईट.

पोरीला घरीच करून बघू दे, ग्लासभर पाणी, चमचाभर खायचा सोडा, दोन पेन्सिलींची शिसं आणि 9 व्होल्टची बॅटरी. मायनसकडं बुडबुडे जास्त येतात तो हायड्रोजन. बराच वेळ चालू ठेवलं की बॅटरी उतरते, तिथंच कळतं की आधी वीज घातली म्हणून गॅस मिळाला.

म्हणून कारसाठी मला बॅटरीच बरी वाटते, हायड्रोजनच्या वाटेनं गेलं तर निम्म्याहून जास्त वीज वाटेतच जाते. पण खत, रिफायनरी, स्टील इथं त्याची खरी गरज आहे. केंद्रानं 2023 मध्ये 19,744 कोटींचं मिशन मंजूर केलंय, तेव्हा 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन ग्रीन हायड्रोजनचं टार्गेट ठेवलं. म्हणजे पोरीची आवड वाया जाणारी नाही, तिला अडवू नका.

फक्त सतराव्या-अठराव्या वर्षी एकाच गॅसला बांधून घेऊ नका. केमिकल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल नाहीतर मेटलर्जी (धातूंचं शास्त्र) घ्या, हायड्रोजन एम.टेक.ला करता येतो, आणि नाही चालला तरी हातात ब्रँच राहते. मला विचाराल तर मेटलर्जी, कारण हा गॅस स्टीलमध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो, बारीक फटीतनंपण निसटतो, त्यामुळं टाकी, पाईप, व्हॉल्व्ह कशाचे करायचे हा मोठा प्रश्न आहे आणि व्हॉल्व्हची बॉडी काय असते हे तुमच्या पोरीनं लहानपणापासनं बघितलंय.

त्या कॉलेजवाल्याला एवढंच विचारा, डिग्रीवर ब्रँचचं नाव काय छापून येणार आणि मागच्या बॅचची पोरं कुठं लागली. तोवर पैसे भरू नका, सीईटीचा रँक येऊ दे, मग ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंती, भरायच्या आधी तिला घेऊन या, आपण बसून लिस्ट करू.