निळ्या खुणा आणि साहेबांचं मौन

"साहेबांनी मेसेज वाचलाय, पण उत्तर नाही दिलं. काय समजायचं?"

मी समुपदेशक. समोरच्या खुर्चीतून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता कोणी 'ऑफिसचा ताण' म्हणालं की मी आधी विचारते, ताण कामाचा की व्हॉट्सॲप ग्रुपचा? बरेच जण ओशाळून हसतात. त्यांतल्याच एकाची ही गोष्ट. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

चौतिशीचा गृहस्थ, हिशेब विभागात, हाताखाली तिघं. तक्रार झोपेची. पहिल्याच भेटीत त्यानं फोन काढून मला प्रात्यक्षिक दाखवलं. रात्री साडेनऊला ग्रुपवर महिनाअखेरीचा तक्ता टाकलेला. मेसेज दाबून धरायचा, इन्फो उघडायचं, कोणी किती वाजता वाचलं ते बघायचं. साहेबांच्या नावाखाली ९:५२. मग सव्वादहाला साहेब ऑनलाइन आहेत का ते बघायचं, अकराला पुन्हा. एकदा साहेबांच्या नावासोबत 'टायपिंग' दिसलं आणि विरलं. त्या रात्री हा तीनपर्यंत जागा.

"काय लिहीत असतील, आणि खोडलं का असेल?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"आकडा चुकला असणार. सगळ्यांसमोर नको म्हणून खोडलं. सकाळी केबिनमध्ये बोलावणार."

साहेबांचं एक अक्षरही आलेलं नव्हतं. साहेबांच्या नावानं अख्खं पत्र यानंच लिहून काढलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती, ते हे असं.

व्हॉट्सॲपवर मेसेज वाचल्याच्या या निळ्या खुणा आल्या २०१४ च्या नोव्हेंबरात. लोकांनी कुरकुर केली तशी त्या बंद करायची सोयही लगेच आली, पण ती एकास एक बोलण्यापुरती. ग्रुपमध्ये ती चालत नाही आणि ऑफिस तर ग्रुपवरच चालतं. त्यामुळे 'सेटिंग बदला' हा मित्रमंडळींचा सल्ला इथं लंगडा पडतो. शिवाय त्यानं 'लास्ट सीन' बंद करून पाहिलंच होतं. इतरांचं दिसेना, तेव्हा तर्क दुप्पट झाले.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "आज साहेबांना सोडा. तुम्ही वाचून उत्तर न दिलेले मेसेज मोजा. बँका आणि जाहिराती वगळून."

तो मोजत गेला. अकरा निघाले.

"या अकरा जणांवर राग आहे तुमचा?"

"छे! राहून गेलं. कुणाला निवांत लिहू म्हटलं, कुणाला काय लिहावं सुचेना..."

आणि बोट थांबलं. त्यानं फोन माझ्याकडे वळवला. हाताखालच्या, नव्यानंच लागलेल्या मुलीचा मेसेज, चार दिवसांपूर्वीचा. 'सर, फाइलमध्ये माझं काही चुकलं का?' खाली काहीच नाही. लिफ्टमध्ये वाचला होता म्हणे, मग मजला आला.

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "मॅडम, ही पण जागी राहिली असेल का हो?"

उमेदवारीच्या काळात मी इथं लगेच काहीतरी शहाणपणाचं बोलून त्या क्षणाची माती केली असती. आता तेवढं कमावलंय, तोंड बंद ठेवता येतं.

त्यानं तिथंच बसून तिला लिहिलं, 'फाइल चांगली होती. उत्तर द्यायचं राहिलं, माझी चूक.'

पुष्कळजण इथं थांबतील. साहेब रागावलेले नसतात, फक्त गडबडीत असतात, चला, सुटलो. मी थांबत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी जी विवेकनिष्ठ विचारसरणी मांडली तिच्या मुशीतून मी घडले, आणि तिची खोड अशी की ती दिलाशावर समाधान मानत नाही. दिलासा पुढच्या मेसेजपर्यंतच पुरतो. म्हणून विचारलं, "आणि साहेब खरंच रागावले असतील तर?"

चेहरा उतरला. "बोलणी खाईन."

"पुढे?"

"तक्ता दुरुस्त करीन."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढे... काही नाही. पुढच्या महिन्याचा तक्ता."

हे तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला, यात सगळं आलं. साहेबांनी खूश असावं ही इच्छा झाली, रास्तच आहे. त्यांनी खूश असलंच पाहिजे, तेही झोपायच्या आत, हा हट्ट झाला. झोप हट्टानं उडते.

मग व्यवहाराचं बोललो. साहेबांना समोरासमोर विचारायला सांगितलं, 'रात्रीच्या मेसेजला उत्तर कधी अपेक्षित धरू?' चार दिवस धीर गोळा करून त्यानं विचारलं. साहेब म्हणाले, "रात्री मी नुसतं वाचून ठेवतो. अडलं तर फोन करीन की." तातडीचं असेल तर फोन, बाकी सकाळी, एवढं प्रत्येक विभागात एकदा तोंडानं ठरलं तर माझ्याकडची गर्दी कमी होईल. हे वाचणारे साहेब असतील तर 'पाहिलं, उद्या बोलू' एवढे तीन शब्द टाका. आणि चूक काढायची तर ग्रुपवर नको.

एक मात्र वेगळं ठेवा. रात्री-अपरात्री काम सांगणारे, उत्तर उशिरा आलं की ग्रुपवर पाणउतारा करणारे साहेबही असतात. तिथं खोट तुमच्या विचारांत नाही. मेसेज जपून ठेवा, वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे लेखी जा. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून, पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर आधी डॉक्टर.

परवा त्याचा फोन आला. "मॅडम, खोटं कशाला बोलू, इन्फो अजून उघडतो. पण महिन्यातून एकदाच."

"कधी?"

"तक्ता टाकला की."

"आणि ती मुलगी?"

"ती आता मेसेज टाकतच नाही. थेट टेबलाशी येऊन विचारते. जरा जास्तच विचारते."