घरात चार वर्षांच्या मुलीपासून चौऱ्याहत्तरीच्या सासऱ्यांपर्यंत सगळे आहेत. दातांच्या कोणत्या सवयी कुणाला लावायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात एकत्र कुटुंब. चार आणि सात वर्षांच्या दोन मुली, तुम्ही दोघं, दीर, सासू-सासरे. सासऱ्यांना शुगर आहे आणि वरची कवळी आहे, सासूबाई बोटाने लाल मंजन लावतात, नवऱ्याच्या ब्रशला रक्त लागतं. सगळ्यांना एकच पेस्ट चालेल का आणि सवय लावायची कशी. शिवाय कंसात एक वाक्य टाकलंय: 'दीर कधीमधी खर्रा खातात, पण त्यांचे दात घरात सगळ्यात मजबूत आहेत.'

मी नागपुरातच बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. पेस्टचं सांगतेच, पण आधी तुमचा कंस घेते, म्हणजे खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला.

काही वर्षांपूर्वी एक पोरगा आला होता, पंचविशीतला, स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. तक्रार काय, तर "मॅडम, तर्री झोंबून राहिली." रोज सकाळी ठेल्यावर तर्री-पोहा, म्हणजे तिखट रस्सा घातलेले पोहे, खाणारा माणूस. आधी त्याला वाटलं पोहेवाल्याने मिरची बदलली. ठेला बदलला, तरी तेच. मग नुसते पोहे, वर थोडे चणे, तर्री बंद. सावजीचं नाव काढलं तरी डोळ्यात पाणी. असे चार-पाच महिने काढून, तेही वहिनीने मागे लागून पाठवलं म्हणून आला. मी म्हटलं, तोंड उघड. उघडलं, पण जेमतेम. त्याचीच बोटं त्याला तोंडात उभी घालायला लावली, एकावर एक. दोन गेली, तिसरं जाईना. जीभ बाहेर काढायला सांगितली, ती ओठाच्या पुढे येईना. गालाला आतून बोट लावलं तर मऊ लागायच्या जागी ताणलेल्या दोऱ्या लागल्या, आणि रंग गुलाबी नाही, पांढुरका, संगमरवरी फरशीसारखा.

तो विचारतो, "पण दात तर चांगले आहेत नं?"

होते. एकाही दाताला कीड नव्हती. तुमच्या दिरांसारखेच, आणि खर्राही तसाच.

खर्रा दात पोखरत नाही, तो गाल खातो. सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या कातडीखाली तंतू साचत जातात, ती कडक होते आणि जबडा हळूहळू आवळत जातो. याला आम्ही सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. पुढे त्यातल्या काहींना कॅन्सर होतो. म्हणून "तंबाखू सोडली, आता साधी सुपारी खातो" याला अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसती सुपारीसुद्धा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली आहे. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली. आपल्या पानठेल्यांवर पन्नीत खर्रा घोटायचं काही थांबलं नाही.

आज जेवण झालं की दिरांना त्यांची स्वतःची तीन बोटं, तर्जनीपासून अनामिकेपर्यंत, वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी घालायला सांगा. जात असतील तर उत्तम, खर्रा आजच बंद. जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा गालात पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर याच आठवड्यात दाखवा. गेलेली लवचीकता पूर्ण परत येत नाही. गोळ्या, इंजेक्शनं, तोंड उघडायचे व्यायाम यांनी थोडी सुटका होते, आणि तीही खर्रा थांबवला तरच. भाषण देऊ नका, मी पुष्कळ दिली आहेत, माणूस मान डोलावतो आणि खाली उतरून पुडी सोडतो. त्या पोराला माझ्या बोलण्यापेक्षा आरशात स्वतःची न निघणारी जीभ बघून जास्त कळलं. सोडायला मदत हवी तर तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. जेवणानंतर तोंडात काहीतरी लागतंच अशी सवय असते, तिथे बडीशेप ठेवा, पण सुपारी नसलेली. बाजारातल्या 'मुखवासा'त बहुतेकदा असतेच.

आता पेस्ट. हो, घरात एकच ट्यूब चालेल. तिच्यावर फ्लोराईड १,००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असावं, बाकी लवंग, मीठ, कोळसा, जे काय असेल ते चवीपुरतं. फरक पडतो तो किती घ्यायची यात. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तुमच्या चार वर्षांच्या लेकीला वाटाण्याएवढी. ती ब्रशभर लाटेसारखी पेस्ट जाहिरातीतच शोभते. घासून झाल्यावर थुंकायचं, पण आपल्याकडे चार-चार चुळा खळखळून भरतात तसं करायचं नाही. फ्लोराईड दातावर जरा टिकू द्यायचं असतं.

फ्लोराईडची भीती घालणारे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येत असतील. त्यात थोडं तथ्य आहे, पण जागा चुकते. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हा ते पाणी पोटात गेलं तर दात पिवळे-तपकिरी डागांचे निघतात. नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, तो प्रश्न इथला नाही. मात्र घराला नुसती बोअरिंगच असेल तर पाणी एकदा तपासून घ्या. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर नको. पेस्ट तर थुंकायचीच असते.

सकाळचा ब्रश एखाद्या दिवशी राहिला तरी मी काही म्हणणार नाही, रात्रीचा नको राहायला. झोपेत लाळ कमी होते, आणि लाळ हीच दाताची रात्रपाळीची राखणदार. मुलींना हळदीचं दूध देत असाल तर ते ब्रशच्या आधी. ब्रशनंतर फक्त पाणी. घराघरांतून मला नेमकं उलटं ऐकू येतं: सकाळी शाळेच्या घाईत दोन मिनिटं घासून घेतो, रात्री लेकरू दूध पिता पिता झोपून जातं.

चार वर्षांची मुलगी स्वतः ब्रश करते याचं कौतुक करा, मग तिचं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही परत करा. अक्षर नीट काढता येईपर्यंत, म्हणजे सातआठ वर्षांपर्यंत, मुलांच्या हाताला आतली बाजू सापडत नाही. पाचव्या मिनिटाला रडेल, चौथ्या दिवशी सवय होईल.

थोरलीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. साधारण सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, एक नवी दाढ येते. दोन वर, दोन खाली. त्या येताना एकही दात पडत नाही. न काही हलत, न उंदराला दात द्यायचा सोहळा. त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही, आणि कीड दिसली तरी आई-वडील म्हणतात, दुधाची आहे, पडेल. ती पडत नाही. ती पहिली पक्की दाढ, ती जन्माची. तिच्या वरच्या खाचा इतक्या खोल असतात की ब्रशचा केस तळाशी पोचत नाही. माझ्या मुलाच्या खालच्या डाव्या दाढेत आठव्या वर्षी भोक सापडलं, तेही त्याच्या आजीला, पेरूची बी अडकली म्हणून. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची तोंडं बघणारी मी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. आज तुमच्या सात वर्षांच्या मुलीला उजेडात बसवून मोबाईलचा टॉर्च मारा आणि मागे मोजा. दाढा आल्या असतील तर त्या खाचा बुजवून घ्या, सीलंट म्हणतात. ड्रिल नाही, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम.

गोडाचं म्हणाल तर मुलांना तान्ह्या पोळ्याचा खाऊ खाऊ द्या. लाकडी नंदी घेऊन गल्लीभर फिरून जमवलेला खाऊ काढून घेणारी आई मला तरी होता आलं नाही. फक्त तो एका बैठकीत संपू दे. गोड तोंडात गेलं की पुढचा साधारण अर्धा तास दातावर आम्ल असतं, मग लाळ ते निवळवते. पिशवीतून दर तासाला एक चॉकलेट काढलं की दाताला सावरायला वेळच मिळत नाही. संत्रा बर्फी जेवणासोबत खाल्लेली परवडते, टीव्हीसमोर तुकडा तुकडा चघळलेली नाही. हेच तुमच्या यजमानांच्या ऑफिसमधल्या सहा कट चहालाही लागू.

यजमानांचं रक्त म्हणजे हिरड्यांलगत दातांवर कीटण साचलंय, बाकी बहुधा काही नाही. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश न लावणं ही सगळ्यात सामान्य चूक. तिथेच मऊ ब्रश हळू फिरवायचा आणि एकदा क्लिनिंग करून घ्यायचं. क्लिनिंगने दात ढिले होतात हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. होत नाहीत. कीटणाने फटी भरलेल्या असतात, ते निघालं की जिभेला मोकळं मोकळं लागतं, एवढंच.

सासूबाईंच्या लाल मंजनात गेरू असतो, बारीक वाळूसारखा. वर्षानुवर्षं बोटाने रगडला की दाताच्या मानेशी खाचा पडतात आणि मग थंड पाणी लागतं. त्या सोडणार नाहीत, मला माहीत आहे. माझ्या आईने सोडलं नव्हतं. सकाळी मंजन त्यांचं, रात्री मऊ ब्रशने पेस्ट तुमची, असा तह करा. फक्त एकदा वास घेऊन बघा, ते मंजनच आहे ना, गुडाखू नाही ना. गुडाखूत तंबाखू असतो, आणि कित्येक आज्या त्याला 'मंजन'च म्हणतात.

सासऱ्यांची कवळी रात्री काढून पाण्यात. साध्या पाण्यात, गरम नको, गरमाने वाकते. साबण लावून मऊ ब्रशने घासायची, पेस्टने तिच्यावर ओरखडे पडतात. दिवसरात्र तोंडात ठेवली की टाळूला बुरशी धरते, लाल होते, दुखत मात्र नाही. खालचे उरलेले दात अजून आहेत असं दिसतं, तर त्यांची मुळं उघडी पडली असतील, तिथे कीड पटकन धरते. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही, तेव्हा मधुमेहाच्या डॉक्टरांनाही हिरड्यांबद्दल सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं किंवा हिरड्या फुगतात. मे महिन्यात पारा ४५ ला गेला की कोरड आणखी वाढते, उशाशी पाण्याचा तांब्या असू द्या. कवळीखाली किंवा कुठेही झालेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर थांबायचं नाही.

टॉर्च मी वर फक्त थोरलीसाठी म्हटला, पण महिन्यातून एका रविवारी सगळ्यांवरच मारा. या सगळ्यांतलं जवळजवळ काहीच दुखत नाही, म्हणूनच लोक माझ्याकडे उशिरा येतात: कीड दाताच्या आतल्या नसेला पोचेतो, हिरडी दात हलेतो, आणि तो पोरगा तर तर्री सुटेतो.

सात जणांचा खाजगीतला खर्च जड वाटत असेल तर मेडिकल कॉलेजजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जा, रांग असते, विद्यार्थी हळू काम करतात, पण वर शिक्षक उभे असतात. सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. आणि त्यांना कवळी घालूनच न्या. निम्मे आजोबा ती रुमालात बांधून खिशातून काढतात, आणि मग ती तोंडात बसते कशी ते बघायला आम्हाला परत घालायला लावावी लागते.